सासूबाईंना इतक्यात हलवू नये

मी, खाली सही करणारा, आईचा धाकटा, शिक्षण सातवीच्या अलीकडे, खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला, तिथे 'पाणक्या' या नावाने ओळखला जाणारा, डोकं ठिकाणावर आणि पोट दुखत असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. कोणी जबरदस्ती केलेली नाही. उद्या सकाळी माझ्या पित्ताशयातले खडे काढायचे आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगदी किरकोळ आहे." आजारी माशाबद्दल मीही गिऱ्हाइकाला असंच सांगतो, म्हणून लिहून ठेवलेलं बरं.

कलम पहिलं. स्थावर मालमत्ता नाही. कामाला बेकरी झाली, लाँड्री झाली, घरं रंगवणाऱ्यांची टोळी झाली. मीच कुठे स्थावर झालो नाही, तर मालमत्ता कुठून होणार?

कलम दुसरं. बँकेत जे असेल ते आईला. तिने गुडघ्यांचा इलाज करावा. दादाच्या मोटारसायकलला त्यातलं काही लागू नये, तिला दादाच पुरेसा आहे. आई, मी इथे वेळेवर जेवतो. खडे जेवणाने झालेले नाहीत, मी विचारून घेतलं आहे.

कलम तिसरं. माझ्या खोलीत राहणारा बसड्रायव्हर, याला माझी मीठ कालवायची निळी बादली. ती दुकानाची नाही, मी स्वतः घेतलेली आहे. त्या बादलीत त्याने साबण घालून आपला शर्ट भिजवला. मी बोललो तर म्हणतो, "अरे, मासे पाण्यातच राहतात ना? स्वच्छ राहतील की!" साबण लागलेली बादली माशांच्या कामाची राहत नाही. तेव्हा शर्टासकट ती त्यालाच लखलाभ.

कलम चौथं. हे मुख्य आहे, बाकी नाही वाचलं तरी चालेल.

सासूबाई म्हणजे दुकानाच्या दर्शनी टाकीतला, आम्ही तिला नुसती काच म्हणतो, मोठा निळा मासा. आपण रिकाम्या हाताने आलो आहोत असं बघते, म्हणून हे नाव. मालकांच्या डोक्यावर केस होते तेव्हापासून ती तिथे आहे. मालकांनी नवे आलेले मासे वेगळे न ठेवता थेट काचेत सोडले, कारण गिऱ्हाईक दारात होतं. नव्यांबरोबर किडा आला. सासूबाई दगडावर अंग घासायला लागली, मग मिठाचे खडे चिकटावेत तसे ठिपके दिसले. पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं असतं तर तो दुसरा किडा, तो विचार करायलाही वेळ देत नाही. डोळे धुरकट झाले असते तर तिसरा, मग गोड्या पाण्यात बुडवून काढली असती. पण हे खडेच होते. बाकीचे सगळे गेले, एकटी सासूबाई उरली. तिला मी मागच्या टाकीत आणून तांब्याचं औषध सुरू केलं.

आता ठिपके गेले आहेत, आणि भांडण इथेच आहे.

मालक म्हणाले, "झाली की बरी! आण तिला पुढे."

म्हटलं, "मालक, किडे मेलेत असं नाही. ते अंगावरून उतरून काचेतल्या वाळूत बसलेत. तिथे एकाची शेकडो पिलं होतात, आणि ती मासा शोधत निघतात."

"तुला काय, येऊन सांगून गेले?"

"सासूबाईला परत सोडा, मग तुम्हांलाच सांगतील."

"आणि तोवर मी काय पाणी विकू? रिकामी काच बघून लोकांना वाटतं दुकान बंद पडलं!"

मालकांचं खोटं नाही, लोकांना तसं वाटतं. पण काचेत एकही मासा नसला तरच ती पिलं उपाशी मरतात. दुसरा इलाज नाही, नुसती वाट बघणं आहे. म्हणून माझी शेवटची इच्छा अशी की मागच्या खोलीतल्या कॅलेंडरवर ज्या तारखेला मी लाल गोल केला आहे, तिच्या आधी सासूबाईला हलवू नये आणि काचेत दुसरा मासाही सोडू नये. तांब्यासाठी पाणी रोज तपासावं. कमी पडलं तर किडा जगतो, जास्त पडलं तर सासूबाई जाते. त्या टाकीत कोळंबी किंवा शंख घालू नये, तांबं त्यांना विष आहे. लाल दोऱ्याची जाळी आजारी टाकीचीच. ती दुसऱ्या पाण्यात बुडवणाऱ्याला मी वरून बघेन.

कलम पाचवं. वरच्या कलमाची अंमलबजावणी गल्ल्यावर बसते तिने करावी. तिला माझा जुना मायक्रोस्कोप. सासूबाईच्या अंगावरचा खरवडलेला चिकटा मी त्याखाली धरला तेव्हा मालक म्हणाले, "धूळ आहे." ती वाकून बघून ओरडली, "अगं बाई, ही धूळ तर गरागरा फिरतेय!" त्या दिवसापासून मायक्रोस्कोप तिचाच होता, नुसतं सांगायचं राहिलं होतं. आणखीही एक सांगायचं आहे, पण ते मृत्युपत्रात लिहायचं नाही. खडे निघाले की तोंडी सांगेन.

कलम सहावं. माझं लाकडी स्टूल दादाला. दादा, तू चार लोकांत म्हणाला होतास, "हा चहा निवेपर्यंतही एका जागी बसत नाही." खरं होतं. पण आजारी टाकीसमोर या स्टुलावर मी बसलो आहे, मासा खातो का, श्वास कसा घेतो, एवढंच बघत. इथून कुठे जावंसं वाटलेलं नाही. त्याची बैठक झिजली आहे, हात फिरवून बघ. बसून बघ, पण जपून, एक पाय लंगडा आहे.

कलम सातवं. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असं इस्त्रीवाले काका म्हणतात. म्हणून काकांना काही नाही आणि मालकांनाही काही नाही. मालक, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही नुसती सही करा, पण कलम चौथं वाचून मग करा.

हे सर्व मी माझ्या हाताने लिहिलं आहे. अक्षर वाईट आहे ते पोटदुखीमुळे नाही, पहिल्यापासूनच आहे.

ठिकाण: दुकानाची मागची खोली, सासूबाईंच्या समोर.
तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची दुपार.

सही: पाणक्या

साक्षीदार पहिला: इस्त्रीवाले काका. माझ्यासमोर सही केली. शर्टाचा साबण मी ओळखतो, बादली खरंच गेली.

साक्षीदार दुसरा: दुकानाचा मालक. कलम चौथं दोनदा वाचलं. पटलं नाही, तरी सही करतो. काचेवर पाटी लावली आहे, 'सासूबाई माहेरी गेल्या आहेत.' लोक थांबून वाचतात, हसतात, आत येतात. गोलाच्या आधी हलवत नाही. पण तिला काचेत सोडायला तूच ये, माझ्या हाताला ती चावते.