रेडिएटरातली हळद

किती हळद कोंबून ठेवली होती तुम्ही त्या रेडिएटरात! खालची नळी सोडली तर पिवळा गाळच गाळ, धुतलेलं अंगण सगळं नासलं. आबा, रामराम नंतर, आधी हे ऐका. धुळ्याच्या स्टँडवर तुमची टॅक्सी उभी असायची. उन्हाळ्यात पाणी गळायला लागलं की तुम्ही घरी येऊन आईच्या डब्यातली मूठभर हळद न्यायचे. हळद फुगते, भोक बुजतं, गाडी जळगाव गाठते. आई चुलीजवळून ओरडते, "गाडीले हळद लागनी, आंडेरले कव्हय लागी?" आणि ही आंडेर, तुमची लेक, पाना घेऊन बॉनेटजवळ उभी. तुम्ही पाना हिसकावता. "पोरीचे हात काळे दिसले तर स्थळ येत नाही." स्थळ आलं, मी जळगावला नांदायला आले, आजी झाले. तुमच्या माघारी गाडी माझ्या दारात आली.

आता माझ्या नातीला गॅरेज काढायचंय. तिचा बाप, माझाच मुलगा, म्हणतो मास्तरीण हो. भांडून भांडून ठरलं की ही गाडी तिने न तापवता धुळ्याला नेली तर गॅरेज. रस्त्यात उकळली तर गाडी भंगारात आणि पोरगी बीएडला. पोरीने हळद धुवून काढली, तर बुजलेली सगळी भोकं उघडी पडली. मुलगा म्हणाला, "आधी थेंब होता, आता धार लावली. वा!" रेडिएटरची तोंडं बंद करून तिने तो हौदात बुडवला आणि सायकलच्या पंपाने आत हवा भरली. मी पदर खोचून कडेला. "इथे बुडबुडा! अगं आंधळे, तुझ्या कोपराजवळ!" जिथे बुडबुडा तिथे खिळ्याने ओरखडा, मग कथील वितळवून डाख. चिरलेले रबरी पाइप बदलले, विहिरीच्या पाण्याऐवजी हिरवं कूलंट भरलं. "आजी, हळदीने भोक बुजतं, पण आतल्या बारीक नळ्यापण बुजतात. म्हणून तर तापायची." ठाऊक होतं का तुम्हाला?

परवा निघालो. मुलगा मागच्या सीटवर, सारखी मान पुढे काढून तापमानाचा काटा बघतो. पारोळ्याला त्याने बॉनेट उघडायला लावलं. सगळं कोरडं. नात मला विचारते, "कमरेला ही पुडी कसली?" हळदच, दुसरं काय? तिने असं पाहिलं की मी मुकाट्याने पुडी रस्त्याकडेला झटकली. धुळ्यात पोचल्यावर मुलगा गुडघे टेकून गाडीखाली बघून आला. पँट झटकत म्हणाला, "गॅरेजच्या पाटीवर नाव कोणाचं टाकणार?"

"माझं. तुमचं कशाला?"

तो हसला, आबा. कितीतरी दिवसांनी हसला.

हे मी टपालात टाकणार नाही, पत्ता काय लिहू? पण विचारून ठेवते. त्या दिवशी पाना माझ्या हातात राहिला असता तर मला जमलं असतं का? अजून मनात येतं, एवढंच. उत्तर आईने द्यायचं. तुम्ही मधे बोलायचं नाही.