कपाळावरची आठी

३ फेब्रुवारी
"वजन किती ह्याचं?" — ह्या एका प्रश्नापाशी सगळं बदललं! ताईचा दीड वर्षांचा बोक्या हॉस्पिटलात तापाने निपचित पडलेला, जंतू रक्तात भिनलेले, आणि ह्यांना वजन हवं! मी ओरडलो, "आधी औषध द्या ना!"
"लहान मुलाला वजनाशिवाय थेंबही देत नाहीत. अकरा किलो. धर त्याला, ओरडू नकोस."
वर पाहिलं — चष्मिष! कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर बसायची. औषधांचा तो अभ्यास मी अर्ध्यात सोडला. ती आता ह्या हॉस्पिटलात औषधांचे डोस ठरवते. छातीत धस्स झालं. बोक्यासाठी की तिच्यासाठी — लिहायलाही लाज वाटते.

६ फेब्रुवारी
बोक्या तेरा किलो! मीच पलंगाला जोडलेल्या वजनकाट्यावर वाचलं, धावत ताईला सांगितलं. ताई हसली! "बघ, अंगाला लागतंय त्याच्या." लगेच फोन काढून सगळ्यांना कळवलंन.
आणि संध्याकाळी औषध कमी! डोकं सणकलं. चष्मिषला गाठलं — "वजन वाढलं आणि औषध कमी? हात टेकलेत का?"
"अरे शहाण्या, ते वजन नाही, पाणी आहे. मूत्रपिंडं थकलीत त्याची. औषध बाहेर पडत नाही, आतच साचतंय. डोस जुन्या अकरा किलोंवरच धरतो आम्ही. रक्तात किती उरलंय ते बघून पुढचा. जास्त झालं तर औषधच त्याला खाईल."
दार आपटून निघालो. ताई अजून फोनवर — "अगं, दोन किलो!"
नाही सांगवलं.

७ फेब्रुवारी
सुजेने बोक्याचे डोळे उघडेनात. ताईने फोन बंद करून ठेवलाय.

९ फेब्रुवारी
आज चष्मिषला मनातलं सांगणारच होतो. ती बेसिनपाशी, नळ चालू, खांदे हलत होते. तसाच परत फिरलो.

१० फेब्रुवारी
डॉक्टर ताईशी बोलले. नळ्या काढल्या. आता औषध एकच, दुखू नये म्हणून.
"अकरा किलोंवर?" मी चष्मिषला विचारलं.
"नाही रे. आता वजन नाही बघत. त्याच्या कपाळावरची आठी बघतो. ती आहे तोवर थोडं थोडं वाढवायचं."
ताई म्हणाली, "तूच बघ रे. मला दिसत नाहीये नीट."
बघत बसलो.

११ फेब्रुवारी
आठी गेली. मग श्वासही.
ताई त्याला मांडीवर घेऊन — "हळू. झोपलाय."
बाहेर आलो. दार लावलं — आवाज न करता.