डाव्या बगलेतला चेंडू

रविवार, ७ मार्च १९९९. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. कंपनीच्या लीडरशिप ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, लीडरने रोज चार ओळी लिहाव्यात. ट्रेनिंग दोन दिवस, फाइव्ह स्टार हॉटेलात. जेवण उत्तम.
यशराजला जाऊन पावणेचार महिने झाले. मेहरौली-गुडगाव रोड, मोटारसायकल. वय बावीस. मी सावरलो आहे, हे तारखेसकट लिहून ठेवतो. त्याची आई, मीनाक्षी, अजून सावरलेली नाही. तिला सांभाळणं हे आता माझं काम.
मोठा निर्णय: यशराजच्या टीमचा कोच मी होणार. टीमचं नाव मुनिरका थर्टीन. खेळ रग्बी लीग. पीटर नावाचा एक ऑस्ट्रेलियन इथे गुडगावात नोकरीला होता, त्याने पोरं जमवून सुरू केली. जानेवारीत त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, तो गेला. टीमला कोच नाही. मला या खेळाची पूर्ण कल्पना आहे. एक मॅच पाहिली आहे.

रविवार, १४ मार्च. सकाळी ११
आर. के. पुरमच्या मैदानावर पहिली प्रॅक्टिस. कॅप्टन विक्रांत, यशचा शाळेपासूनचा मित्र. मराठी असून अर्धं हिंदी बोलतो, दिल्लीत वाढलेल्यांचं असंच. त्याला म्हटलं, मी कोच. त्याने बाकी मुलांकडे पाहिलं, मग म्हणाला, अच्छा अंकल, आइए. एकमताने निवड.
खेळ सोपा आहे. चेंडू घेऊन पुढे पळायचं, पास द्यायचा तो फक्त मागे. सहा वेळा पकडले गेलात की चेंडू समोरच्यांचा.
विक्रांतने सांगितलं, पीटर नवीन मुलाला महिनाभर नुसता बघायचा. हा काय करतो, कुठे पळतो, कशाला घाबरतो. मग त्याचं जे चांगलं असेल तेच वाढवायचा. एक महिना वाया! मी ऑफिसातून स्वॉट अ‍ॅनालिसिसचे फॉर्म झेरॉक्स करून नेले होते. तेरा खेळाडूंच्या स्ट्रेंग्थ आणि वीकनेस पंधरा मिनिटांत पूर्ण. दोघांच्या फॉर्मवर नावं उलटसुलट झाली, ती पुढच्या वेळी बघू.

बुधवार, १७ मार्च
मीनाक्षीला म्हटलं, रविवारी मैदानावर चल, बरं वाटेल. ती नाही म्हणाली. तिचं ऑफिस आर. के. पुरमलाच, मैदान तिथून पाच मिनिटांवर, तरी नाही. म्हणाली, तुम्ही जा, पण दूध पिऊन जा, आणि त्याची टोपी घालू नका, तुम्हाला लहान होते. तिला अशा बारीकसारीक गोष्टींत अडकायची सवय लागली आहे. डॉक्टरांना विचारायला हवं.
टोपी लहान होत नाही. घट्ट बसते.

रविवार, २१ मार्च
यशच्या जागेवर, म्हणजे सेंटरला, महेश. सांगलीकडचा, मुनिरकात खोली घेऊन शिकतो. सप्टेंबरपासून टीममध्ये आहे, पण आतापर्यंत बेंचवर. जाडसर, पाय जड. स्ट्रेंग्थ: आज्ञाधारक. वीकनेस: पास देतो. दोन जण अंगावर येईपर्यंत थांबतो आणि अगदी शेवटच्या क्षणी चेंडू दुसऱ्यालाच देऊन टाकतो. ही जबाबदारी टाळायची वृत्ती. आमच्या सेल्समध्येही असे असतात.
त्याला स्टाईल द्यायची. स्टाईल तयार आहे. पंचवीस ऑक्टोबरच्या मॅचमध्ये मी डोळ्यांनी पाहिली आहे. चेंडू डाव्या बगलेत. पळणं डावीकडून. टॅकलला जाताना डावा खांदा पुढे. सबंध ऐंशी मिनिटं! उजवा हात अंगाशी, दिमाखात. जन्मजात. मी तेव्हा शेजारच्या माणसाला सांगितलं होतं, तो माझा मुलगा.

रविवार, २८ मार्च
महेशचा चेंडू आपोआप उजव्या हातात जातो. उपाय: माझी टाय. त्याचा उजवा हात कमरेशी बांधला. कंपनीची टाय, निळी, मजबूत आहे. बारा वेळा पळाला, नऊ वेळा चेंडू पडला, दोनदा तो स्वतः. कोपर सोलवटलं. तीन वेळा मात्र अगदी जमलं. पंचवीस टक्के सक्सेस, पहिल्याच दिवशी. सेल्समध्ये एवढ्यावर इन्सेंटिव्ह मिळतो.
विक्रांत काही तरी बोलायला आला होता. मी म्हटलं, प्रॅक्टिसनंतर. प्रॅक्टिसनंतर मला घाई होती.

रविवार, ४ एप्रिल
महेशला आज तीनदा यश म्हणून हाक मारली. नावं सारखीच आहेत. शेवटी श.
तो प्रत्येक वेळी आला.

शुक्रवार, ९ एप्रिल
संध्याकाळी घरी आलो तर मीनाक्षी यशच्या खोलीत बसली होती. दिवा लावलेला नव्हता. मी दिवा लावला. म्हणाली, राहू दे. मी बंद केला. बाहेर आलो. आतून म्हणाली, बसा ना थोडा वेळ. मी म्हटलं, महेशचा चार्ट करायचा राहिलाय.
चार्ट छान झाला. तीन रंगांत.
संकल्प: मीनाक्षीला वेळ द्यायचा. मॅच झाल्यावर.

रविवार, १८ एप्रिल. संध्याकाळी
पहिली मॅच. समोर कॅन्टोन्मेंटची टीम, त्यांच्यात चार जण तर सरळ आपल्या मराठा पलटणीतले. एकाने चेंडू घेऊन जाताजाता मला रामराम घातला.
पहिला हाफ: महेशने पूर्णपणे माझ्या स्टाईलने खेळ केला. चार वेळा चेंडू सुटला. वाऱ्यामुळे. ० विरुद्ध १४. मध्यंतरात विक्रांत त्याला बाजूला घेऊन काही तरी बोलला. दुसऱ्या हाफमध्ये चेंडू उजव्या हातात, वर ती जुनी खोड: दोन माणसं अंगावर घ्यायची, शेवटच्या क्षणी पास. त्या पासांवर विक्रांतने तीनदा चेंडू त्यांच्या रेषेपलीकडे टेकवला. आपण जिंकलो, १८ विरुद्ध १४.
पाया मी घातला होता हे विसरता कामा नये.
सगळे महेशला उचलून नाचले. मी टाळ्या वाजवल्या. मग पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या, कारण कुणी तरी करायला हव्या होत्या.

रविवार, २५ एप्रिल. सकाळी १०
महेशला स्पष्ट सांगितलं, जिंकलो ते ठीक, पण स्टाईल सोडायची नाही. टाय काढली. त्याने हात पुढे केला नाही. म्हणाला, काका, मला तसं जमत नाही. मी म्हटलं, जमेल, यशला जमायचं. तो खाली बघत म्हणाला, काका, मी यशराज नाही.
मी त्याला यशराज कधी म्हटलं? आरडाओरडा मी केला नाही. विक्रांत म्हणतो केला. म्हणे पलीकडे क्रिकेट खेळणारे थांबून बघत होते. महेशच्या डोळ्यांत पाणी आलं, आजकालच्या मुलांना फीडबॅक घेता येत नाही.
टाय मैदानावरच राहिली.

मंगळवार, २७ एप्रिल
विक्रांत ऑफिसात आला. खाली टपरीवर चहा घेतला. तो म्हणाला, अंकल, बहुत दिन से सांगायचं होतं. तुम्ही ती डावी स्टाईल शिकवताय ना, यशची ती नव्हती.
मी म्हटलं, मी पाहिलंय.
तो म्हणाला, तुम्ही तीच एक मॅच पाहिली. त्या दिवशी त्याचा राइट कंधा गेला होता. हात उठतच नव्हता. पीटरने त्याला बसायला सांगितलं होतं. ऐकलं नाही. म्हणून सगळं लेफ्टने. नाहीतर यश राइटनेच खेळायचा, आणि पळायचा तर फारसा नाहीच. त्याचं काम दुसरंच. दोन माणसं अंगावर घ्यायची आणि शेवटच्या सेकंदाला पास. पीटर म्हणायचा, हे शिकवून येत नाही, हे ज्याचं असतं त्याचं असतं. महेश रोज त्याच्या मागे उभा राहून तेच बघायचा. यशनेच त्याला करून दाखवलं, पूरा सप्टेंबर-ऑक्टोबर.
चहा गार झाला. मी दुसरा मागवला. तोही.
कोचिंग आता विक्रांतने बघावं असं ठरलं. मी ठरवलं. त्याने आणि बाकी मुलांनी आधी ठरवलं होतं, पण मी लगेच मान्य केलं. जाताना तो पाया पडला. हे दिल्लीत फारसं कुणी करत नाही.
महेशला पत्र लिहायला घेतलं. 'प्रिय महेश' नंतर सुचेना. स्वतः भेटायला हवं. त्याच्या कोपराचं विचारायचं राहिलंय.

बुधवार, २८ एप्रिल
ऑफिसला गेलो नाही. मीनाक्षीही घरी होती, मेथी निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं तिला धक्का बसेल, म्हणून हळूहळू सांगितलं.
ती म्हणाली, दिवाळीच्या आधी प्रॅक्टिसला पडला होता. रोज सकाळी मी शेकत होते. त्याला केससुद्धा विंचरता येत नव्हते. त्या रविवारी जर्सी मीच घातली त्याला, लहानपणी घालायचे तशी, आधी दुखरा हात.
मी म्हटलं, मला कुणी सांगितलं नाही.
तिने मान वर केली नाही. म्हणाली, सांगितलं होतं. तुम्ही टूरवर होतात, जयपूरला. त्याने स्वतः फोन केला, मी शेजारीच उभी होते. म्हणाला, बाबा, खांदा दुखतोय, रविवारी खेळणार नाही बहुतेक.
मी विचारलं, मग मी काय म्हटलं?
ती एक एक पान खुडत राहिली. म्हणाली, ते मला ऐकू नाही आलं. फोन ठेवला आणि मला म्हणाला, आई, बाबा येणार आहेत बघायला. पहिल्यांदाच येतायत. खेळायलाच पाहिजे.
मी तिच्या समोर खाली बसलो. तिने थोडी मेथी माझ्याकडे सरकवली. दोघांनी मिळून जुडी संपवली.
जयपूर आठवतं. हॉटेल आठवतं, तिसरा मजला. डीलर्सची नावं आठवतात, सातच्या सात. फोन आठवत नाही.