वसतिगृहातली सुकट

ठाकूरद्वार,
ता. ८ जानेवारी १९५६

ती. शांतीताईस, गुणवंतीचा सा. न. वि. वि.

वसतिगृहात सुखात आहेस ना, असं विचारतेस. वरळीला आपल्या घरात जाळी, टोपल्या आणि माणसं यांच्या मध्ये पुस्तक उघडायला जागा नव्हती, म्हणून मी इंटरला एकदा आपटले. इथे जागा आहे. सुख मात्र तूच कुलाब्याहून पाठव. पहाटे पाचला घंटा, सव्वापाचला प्रार्थना, आणि दुपारी आमटी, जिच्यातली डाळ शोधायला बाबांना होडी घेऊन यावं लागेल. आमच्या अधीक्षिका बकुळाबाई मुलींना वळण लावतात, म्हणजे जेवताना हसलं की ताट घेऊन उभं राहायचं. स्वयंपाकाच्या राधाबाई कोकणातल्या, विधवा, कडक सोवळ्यातल्या. मला वाढताना पळी हातभर उंच धरतात. निम्मी आमटी ताटात, निम्मी माझ्या पातळावर.

खोलीत सोबतीला मृणालिनी आहे, सांगलीच्या वकिलांची मुलगी. मुंबई महाराष्ट्राचीच, असं गच्चीवर मूठ आवळून भाषण करते आणि खाली आल्यावर माझ्या खाटेकडून वारा येतो म्हणून उशी पायथ्याशी घेऊन झोपते. मुंबईत कोळी राहतात, हे तिला कुणीतरी बेताबेताने सांगायला हवं.

भावोजींना नमस्कार. आमटी पातळ झाली तेवढी पुरे, तुझी माया तशी होऊ देऊ नकोस.

तुझी,
गुणवंती


कुलाबा,
ता. १३ जानेवारी १९५६

चि. गुणाबायस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आमचे हे पोट धरून हसले. मी नाही हसले. लोकांना नावं ठेवायची परीक्षा असती तर तू पहिली आली असतीस. इंटरचं काय ते सांग.

धाकटे दीर लहू तिकडे येतायत, त्यांच्याबरोबर तिळगूळ आणि सुकटीचा डबा देते. सुकट आईने स्वतः निवडलीय. झाकण घट्ट आहे, तुझ्या वकिलांच्या मुलीला त्रास होणार नाही. नको असेल तर चौपाटीवर नेऊन समुद्राला परत कर, पण मला माघारी पाठवू नकोस.

बाजारात बायका म्हणतात, गिरगावात काहीतरी मोठं होणार. रस्त्यावर जाऊ नकोस. तिळगूळ खा आणि निदान माझ्याशी गोड बोल.

तुझी ताई,
शांती


ठाकूरद्वार,
ता. २४ जानेवारी १९५६

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी धडधाकट आहे, हे आधी. आईलाही कळव.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असं रेडिओवर ऐकलं आणि गिरगाव पेटलं. गोळीबार खोलीत ऐकू यायचा, अश्रुधुराने डोळे चुरचुरायचे. संचारबंदी लागली. बकुळाबाई दादरला भावाकडे गेलेल्या, त्या तिकडेच अडकल्या. आत आम्ही बारा मुली आणि राधाबाई. दूध नाही, भाजी नाही, मग डाळही संपली. तिसऱ्या दिवसापासून भात आणि मीठ. चौथ्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यांत लहान मुलीला जिन्यात भोवळ आली. तेव्हा राधाबाई माझ्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या खाटेखाली काय आहे ते मला ठाऊक आहे. नाक देवाने मलाही दिलंय. काढ ते."

मागच्या अंगणात त्यांनी मला शेगडी पेटवून दिली आणि पाठ करून बसल्या. पाठमोऱ्याच सांगत होत्या, की ते अजून नीट परतलं नाही, कच्चा वास येतोय. स्वतः मीठभात खाल्ला. बाकी सगळ्या सुकटीवर जेवल्या. मृणालिनीने तीनदा घेतली. कसली चटणी आहे, हे एकदाही विचारलं नाही.

काल बकुळाबाई परतल्या आणि मृणालिनीनेच त्यांच्या कानावर घातलं. प्रार्थनेच्या खोलीत त्यांनी विचारलं, कुणी कुणी खाल्लं. महाराष्ट्रासाठी मुठी आवळणाऱ्या सगळ्या जणी खाली बघून चटईच्या काड्या मोजत बसल्या. मी एकटी उभी राहिले. मग दारातून राधाबाई म्हणाल्या, "शेगडी मी दिली."

त्यांना महिनाभरात निघायला सांगितलंय. मी माफी लिहून दिली तर मला राहता येईल. मी लिहिणार नाही. अकरा जणींची पोटं भरली याची माफी कसली मागायची? असल्या जागेत राहण्यापेक्षा मासळी विकलेली बरी.

तुझा पाठिंबा गृहीत धरून,
गुणवंती


कुलाबा,
ता. २८ जानेवारी १९५६

चि. गुणाबायस आशीर्वाद.

एकवीरा आईची कृपा, सुखरूप आहेस. पत्र दोनदा वाचलं. तुझ्या ताठ मानेबद्दल पुष्कळ आहे आणि त्या बाईबद्दल एक ओळ.

तुला काढलं तर वरळीचं घर आहे. तिला कुठलं आहे, विचारलंस? मासळी विकलेली बरी, असं ऐटीत लिहितेस. टोपली माझ्या डोक्यावर असते, तुझ्या नाही. मृणालिनीने खाल्लं आणि तुमची चुगली करून स्वतः नामानिराळी राहिली. राधाबाई जाणार हे कळूनही तू मान ताठ करून बसली आहेस. दोघींत फरक असेल, पण मला चौथीपर्यंतच शाळा, मला दिसत नाही.

रागाव, पण उत्तर लिही.

शांती


वरळी,
ता. ६ फेब्रुवारी १९५६

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्त्यावरून कळलंच असेल. आईने माळा रिकामा करून दिलाय. परीक्षा होईपर्यंत टोपलीला हात लावायचा नाही, असं तिने सांगितलंय.

तुझ्यावरचा राग दोन दिवस टिकला. मग राधाबाईंना विचारलं. राजापूरकडे एक पुतण्या आहे, तो पत्राला उत्तर देत नाही. एवढंच बोलल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या. मी माफी लिहिली. लिहिलं, की राधाबाई झोपल्या असताना शेगडी मी न विचारता उचलली, आणि माझी कीव येऊन त्यांनी दोष अंगावर घेतला. बकुळाबाईंना हे खोटं आहे ते कळलं असणार, पण दुसरी स्वयंपाकीण शोधण्यापेक्षा ते खरं मानणं सोपं होतं. राधाबाई राहिल्या. न विचारता घेतलं म्हणून माझी जागा गेली.

त्यांनी आभार मानले असतील, असं तुला वाटेल. त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

काल ट्रंक घेऊन निघाले. मुली खिडक्यांत गोळा झाल्या होत्या, खाली एकही उतरली नाही. मृणालिनीने रुमाल हलवला, जशी काही मी विलायतेला चालले होते. मी फाटकाशी पोचले तेव्हा राधाबाई मागून आल्या आणि त्यांनी ट्रंकेची दुसरी कडी धरली. त्या सोवळ्यात होत्या, ताई. बकुळाबाई व्हरांड्यातून बघत होत्या. ट्रामच्या थांब्यापर्यंत ट्रंक आम्ही दोघींनी नेली. ट्राम आली तेव्हा त्यांनी कडी सोडली आणि म्हणाल्या, "पास हो. नाहीतर तुझ्या कागदावर मी उगाच खोटी ठरले."

परीक्षेपर्यंत माझं पत्र येणार नाही. तू मात्र रागवत राहा, त्यात खंड नको.

तुझी,
गुणवंती