कॉलर साडेपंधरा

४ मार्च
सर्जनकडे जाऊन आलो. गळ्यातल्या गाठीचा रिपोर्ट आला. थायरॉइडचा कॅन्सर. बायको तिथेच रडायला लागली. मी नाही.

मानेच्या डाव्या बाजूच्या लिम्फ नोड्समध्येही पसरलाय म्हणे. थायरॉइड तर काढायचाच, शिवाय त्या बाजूच्या नोड्सची अख्खी रांग. मी म्हटलं, फुगलीय तेवढीच काढा. खिसा फाटला म्हणून मी सगळा शर्ट उसवत बसत नाही. तर म्हणे, एकेक वेचून काढली तर बाकीच्या मागे राहतात, मग गळा पुन्हा उघडावा लागतो. कालचं पोर! स्वतःच्या कोटाचे खांदे उतरलेले, आणि मला कापण्यातलं शिकवतोय.

५ मार्च
ऑपरेशनची तारीख वीस दिली आहे. बघू. आजार सावकाश वाढणारा आहे, हे तोच म्हणाला. सावकाश म्हणजे थांबतो असं नाही, असंही म्हणाला. डॉक्टर लोकांना शेपूट जोडायची सवयच असते.

९ मार्च
बायकोच्या नव्या टेपने गळा मोजला. सोळा. नेहमीचा साडेपंधरा. जरा धस्स झालं.

मग ट्रंकेतली माझी जुनी कापडी टेप काढली, धंद्यातली पहिली. साडेपंधरा! हल्लीच्या मालात दमच नाही. आजपासून दुकानातही हीच टेप.

१९ मार्च
हॉस्पिटलला फोन करून तारीख रद्द केली. कारण दिलं, सर्दी. खरं कारण, लग्नाचे सूट अडकलेत. बायको म्हणाली, सूट कारागीर शिवतील. कारागीर! दोघांना मिळून एक बाही नीट लावता येत नाही. तिने दिवसभर अबोला धरला. बरं झालं, काम उरकलं.

२२ एप्रिल
गळा साडेपंधरा. आजार जागच्या जागी. मोठमोठी मशिनं लावून त्यांना जे कळत नाही, ते मला टेपवर दर रविवारी कळतं.

बँकेतला कॅशियर शर्ट परत घेऊन आला. छातीत घट्ट होतो म्हणे. त्याला सांगितलं, जेवण आवरा. या महिन्यातला हा पाचवा. अख्खं गाव फुगत चाललंय आणि दोष शिंप्याला.

११ जून
बायको म्हणते, डाव्या बाजूला आता लांबूनही दिसतं. हिला काय कळतं? तरी स्वतःसाठी उंच कॉलर शिवली. दोन गिऱ्हाइकांनी तशीच मागितली. फॅशन अशीच सुरू होते.

३ जुलै
मेहुणा मुद्दाम येऊन अक्कल पाजळून गेला. ताईचा तरी विचार करा, म्हणाला. चहा पाजून वाटेला लावला. गळा साडेपंधरा.

१४ ऑगस्ट
कॅशियर पुन्हा. या खेपेला पँट घेऊन. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, तुमचं मापच चुकतंय. माझं माप! त्याला कायमचा गप्प करायचा म्हणून कापड कापायच्या टेबलावर टेप लोखंडी पट्टीशेजारी अंथरली.

टेप रोजच्या ओढीने ताणून लांब लांब होत गेलेली. आता साठ इंचांमागे पाच इंच जास्त. माप या टेपवर घेत होतो आणि कापत होतो पट्टीवर, मग कपडे घट्ट होणार नाहीत तर काय. कॅशियर हसला. बाकीचेही हसले. मी हसलो नाही, कारण गळाही याच टेपवर मोजत होतो.

शटर ओढून बायकोची टेप घेतली. पावणेसतरा. उद्या हॉस्पिटलला जाऊ, एवढंच तिला म्हटलं. ती लगेच कपडे भरायला लागली.

२९ ऑगस्ट
हॉस्पिटल. नव्या सोनोग्राफीत उजव्या बाजूलाही निघालं. सकाळी सर्जनने पेनाने मानेवर रेघ मारली, या कानाखालून त्या कानाखालपर्यंत. रेघ सरळ होती. मी आरशात बघितली.

मार्चमध्ये आलो असतो तर एकाच बाजूवर भागलं असतं, असं तो म्हणाला नाही. मीच विचारलं. बहुतेक हो, म्हणाला. ओरडलाही नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

बायको बाहेर बाकावर बसली आहे. तिला हे अजून सांगितलेलं नाही. इथे नावं ठेवायला कोणी सापडत नाही. फार भीती वाटते आहे.