चिकटपट्टीखालचा तुकडा

पालम कॉलनी, नवी दिल्ली
२३ नोव्हेंबर २०१४

चि. द्वारका हिला मल्हारीकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आज अठरा दिवस झाले. रोज लिहायला बसतो आणि उठतो. आम्ही दोघं ठीक आहोत. थंडी सुरू झाली, धुरानं घसा धरलाय, गुडघे आपल्या मर्जीनं चालतात. तुझी काकू शेवंता आत्ताच म्हणाली, "पोरीनं हत्यारांची यादी मागितली, तुम्ही काय पोथी लिहिताय का?" तिला काय सांगू? थकलोय गं मी. फौजेतून सुटून नऊ वर्षं झाली, हा थकवा वर्कशॉपचा नाही.

तू डिझेल मेकॅनिकचा कोर्स केलास, जुना पिकअप घेतलास, आता त्याचा टायमिंगचा पट्टा आणि डिझेल पंप स्वतःच्या हातानं बसवणार म्हणतेस. बसव. बिल्कुल बसव. आबा हात लावू देत नाहीत आणि गावातले लोक "बापानं इंजिन बसवलं, आता पोरगी बसवणार" म्हणून दात काढतात, हेही वाचलं. ते दोनदा वाचलं.

आधी हत्यारं. परवा मेट्रोनं करोल बागेत गेलो होतो. जिने चढताना तीनदा थांबलो. दुकानातले सरदारजी म्हणाले, "ये दो सौ पीसवाला डिब्बा ले जाओ जी, बिटिया खुश हो जाएगी." चकचकीत डबा, आत सगळा पत्रा. असले डबे घेऊ नकोस. तुझ्या गाडीला लागतात तेवढेच सहा सॉकेट मी घेतलेत, पण चांगल्या पोलादाचे. स्वस्त सॉकेट बोल्टचे कोपरे खातो, मग रडत बसायचं.

टॉर्कचा पाना घेतलाय. ठरवलेल्या जोराला तो कट्ट वाजतो, तिथे थांबायचं. "माझ्या मनगटाला कळतं" म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नकोस.

पंपासाठी डायल गेज, म्हणजे बारीक माप दाखवणारं काट्याचं घड्याळ पाठवतोय, माझं स्वतःचं, काच जरा ओरखडलेली आहे. पंपाचं टायमिंग कानानं लावणारे उस्ताद गल्लोगल्ली आहेत. मीही त्यातलाच होतो. इंजिनाचा आवाज ऐकायचो, पंप जरासा फिरवायचो, आणि बघणारे वाहवा करायचे. त्या वाहवेनं माझं वाटोळं केलं.

पुली ओढायचा पुलर विकत घेऊ नकोस, वर्षातून एकदा लागतो, तालुक्याला कुणाकडून तरी मागून आण.

आणि पिना. तीन पाठवतोय, तुझ्याच मॉडेलच्या. पट्टा बदलताना इंजिन जागचं हलू नये म्हणून भोकांत घालायच्या. एक दात इकडचा तिकडे झाला तरी पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो, हे तुला शिकवलं असेलच. पिनांच्या जागी दुसरं काही घालायचं नाही. खिळा नाही, बोल्ट नाही, काही म्हणजे काही नाही.

सगळं बसलं की पिना काढ आणि पान्यानं इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरव. पिना पुन्हा अलगद आत गेल्या तरच काम बरोबर. आमच्या वर्कशॉपात आणखी एक नियम होता: चावी फिरवण्याआधी हत्यारं मोजायची. बारा काढली तर बारा परत पेटीत. एक जरी कमी असलं तरी गाडी सुरू होत नसे, मग कर्नलसाहेब स्वतः ताटकळत उभे असोत.

झाली यादी. पण तू शेवटी विचारलंस त्याचं उत्तर राहिलं. पत्राच्या खाली चिकटपट्टीनं तो लोखंडाचा तुकडा लावलास आणि लिहिलंस, "काका, हे आबांच्या पेटीत चिंधीत बांधलेलं सापडलं. विचारलं तर आबा पेटी बंद करून निघून गेले. हे कोणतं हत्यार? मलाही घ्यावं लागेल का?"

द्वारका, ते हत्यार नाही. भोक पाडायच्या ड्रिलच्या बिटाचा मोडका तुकडा आहे तो. माझ्या बिटाचा.

तेव्हा तू आठ-नऊ वर्षांची असशील. २००१ ची संक्रांत. गावातली नऊ माणसं खंडूच्या, म्हणजे तुझ्या आबाच्या, जीपनं पानिपतच्या लढाईच्या जागी, काला अंबला यायला निघाली. अण्णासाहेब सरपंच पुढच्या सीटवर. आदल्या दिवशी सगळे दिल्ली कँटोनमेंटमध्ये माझ्या क्वार्टरवर उतरले. शेवंतानं पिठलं-भाकरी केली. आबा म्हणाला, "दादा, गाडी धूर सोडतीय. पट्टाबी बदलायचा झालाय, नवा संगंच आणलाय. एखादा मेकॅनिक दाखव." मी म्हणालो, "घरात फौजी मेकॅनिक असताना बाहेरचा कशाला?"

सुट्टी होती, सरकारी हत्यारं कुलपात. पिना नव्हत्या. मी पिनेच्या जागी ड्रिलचं बिट खुपसलं. सकाळी नऊ माणसं शाली गुंडाळून भोवती उभी, अण्णासाहेब म्हणतायत, "बघा, आपल्या गावचा माणूस!" मी पंपाची पुली आवळली आणि कट्ट झालं. बिट ओढलं तर अर्धंच हातात आलं. उरलेलं कुठं गेलं? वाकून बघायचं, पुली पुन्हा काढायची, तासाभराचं काम. लोकांना अकरापर्यंत पोचायचं होतं. खरं म्हणजे मला त्यांच्यासमोर "चुकलं" म्हणायचं नव्हतं. हातातला अर्धा तुकडा मी नाल्यात टाकला. हातानं फेरे फिरवले नाहीत. हत्यारं मोजली नाहीत. म्हणालो, "मार सेल्फ." गाडी सुरू झाली, टाळ्या पडल्या.

समालख्याच्या अलीकडे इंजिन खाडकन बंद पडलं. फोन आला तसा मी बसनं तिथं पोचलो. धुक्यात सगळे कुडकुडत उभे होते. बॉनेट उघडलं, आत नीट पाहिलंही नाही आणि सगळ्यांसमोर आबाला म्हणालो, "रेस मारलीस. नव्या पट्ट्यावर असं पळवतात का? इंजिन बसवलंस गाढवा."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, बस्स. मी ड्युटीचं निमित्त करून परत आलो. तो चार दिवस तिथल्या गॅरेजात राहिला. इंजिन खोललं तेव्हाच पट्ट्याच्या दातांत अडकलेला तो तुकडा त्याच्या हाती लागला असणार.

पुढचं तुला माहीत आहे. त्याच्या गाडीत कुणी बसेना, जीप विकली, कारखान्यावर रात्रपाळीची राखण पत्करली. मला पत्र नाही, फोन नाही. मी स्वतःला सांगत आलो की चारचौघांत बोललो म्हणून रुसलाय. त्याला खरं कळलं असेल हे मी मनात येऊच दिलं नाही. आणि त्यानं तर सगळ्या गावाचं ऐकून घेतलं, थोरल्या भावाचं नाव जाऊ दिलं नाही. एका शब्दानं माझी लाज निघाली असती. चौदा वर्षं तो शब्द त्यानं चिंधीत बांधून ठेवला. द्वारका, मला माझी किळस येते गं.

तुझ्या बापानं इंजिन बसवलं नाही. मी बसवलं. हे पत्र आधी त्याला वाचून दाखव, मग अण्णासाहेबांना. संक्रांतीला मी येतोय, तेव्हा पारावर माझ्या तोंडानं सांगेन. लिहून ठेवलंय ते एवढ्यासाठी की ऐनवेळी माझी जीभ पुन्हा कच खाईल.

पार्सलमध्ये अकरा नग आहेत. तो तुकडा परत पाठवत नाही, तो माझा आहे. पट्टा बसवशील तेव्हा आबाला समोर खुर्ची टाकून बसव. हत्यारं त्याच्याकडून मोजून घे आणि तो "हां" म्हणाला तरच चावी फिरव.

पत्र ऐकून तो शिव्या देईल किंवा उठून जाईल. काय केलं ते जसंच्या तसं लिहून कळव. माझी बाजू घेऊ नकोस.

तुझा काका आणि खंडूचा गुन्हेगार दादा,
मल्हारी