खिळ्यावरचा बिल्ला

ती. ताईस,
तुझ्या धाकट्याचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं. एवढं आईला मोठ्याने वाचून दाखव. पुढचं मात्र तुझ्यापुरतं ठेव.

किरणोत्सारी कचऱ्याची जुनी टाकी फोडून सगळा राडारोडा पिंपांत बंद करायचं कंत्राट आमच्या कंपनीकडे आहे. अंगावर किती किरणं पडली, ते मोजणारा बिल्ला प्रत्येकाच्या छातीवर असतो. मर्यादा भरली की माणसाला घरी पाठवतात. काल कपडे बदलायच्या खोलीत आमच्या गवंडीकाकांचा बिल्ला खिळ्याला लटकलेला दिसला. काका आत टाकीपाशी होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काका, हे काय?"

"साहेब, परवा तुमचाही तिथेच होता की. मी बोललो का काही?"

होता. विसरलो, असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे काम अर्ध्यावर सोडून यायचं जिवावर आलं होतं.

आज मी वरिष्ठांना दोघांचीही नावं लिहून दिली. काका माझ्याशी बोलत नाहीत. दोघांचंही रक्त तपासायला घेतलंय.

आईचे गुडघे कसे आहेत? मी बहुधा लवकरच येईन. तिला म्हण, सुट्टी मिळाली.

तुझाच,
धाकटा